मालकाचं म्हणणं

खंडेनवमीच्या दिवशी मी चालू रिसीव्हरवर नारळाचं पाणी शिंपडलं आणि तो बंद पडला.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बावीस वर्षं शिकवतोय. ओल्या हातानं बटणाला का शिवू नये, हे मी इतकं रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. तरीही त्या दिवशी दुचाकी, मिक्सर, पाण्याची मोटर, लॅपटॉप अशी सगळ्यांची पूजा करत मी रिसीव्हरपाशी आलो, नारळ फोडला आणि हात सैल सोडून चारी बाजूंनी शिंपडलं. वर जाळी होती. आतून ‘टक्’ असा आवाज आला, दिवा गेला आणि कॅसेटमधला पैलवान डाव टाकता टाकता अधांतरी राहिला.

ही कॅसेट माझ्या सासऱ्यांची होती. त्यांना मी मामा म्हणतो. मामांनी उभं आयुष्य गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांच्या मैदानाचं निवेदन केलं. हातात माईक, खांद्यावर टॉवेल आणि तोंडात सगळ्या पैलवानांच्या तीन पिढ्या. त्या निवेदनाच्या सत्तरएक कॅसेटी त्यांनी जपून ठेवल्यात. त्या वाजवायला माझ्याकडे जुना डेक आणि डेकचा आवाज मोठ्या स्पीकरना पोचवणारी ही पेटी, म्हणजे रिसीव्हर. खंडेनवमीच्या तीन दिवस आधी मिरजेत मामांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते आमच्याकडे सांगलीला होते. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला आतून दाबून धरतो, म्हणून दोन आठवडे तोंड खाली करून झोपायचं. जेवायला आणि मोरीला जाण्यापुरतं उठायचं, तेही मान खाली घालून. मान वर झाली की बुडबुडा सरकतो, आणि पडदा पुन्हा सुटला तर त्या डोळ्याचं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसऱ्या डोळ्यानं मामांना पूर्वीपासूनच फक्त उजेड-अंधार कळतो. म्हणजे होता तो हाच एक डोळा.

मामांसारखा माणूस दोन आठवडे पालथा पडून राहणं अवघड होतं. पण कॅसेट लागली की ते तासन्‌तास हलत नसत. म्हणूनच मला त्या रिसीव्हरचं एवढं प्रेम दाटून आलं आणि पूजेत मी त्याला जरा जास्त मान दिला.

“काय झालं ओ जावईबापू?” मामा उशीत तोंड ठेवून म्हणाले.

“लाइट गेली.”

“पाठीला पंख्याचं वारं लागतंय की.”

“पंखा इन्व्हर्टरवर आहे,” मी म्हणालो. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही.

तर अशा अवस्थेत मी रिसीव्हर स्कूटरवर पायापाशी ठेवून सांगलीहून मिरजेला हवालदारांकडे गेलो, आणि मला सांगायचंय ते हवालदारांबद्दल.

त्यांना सगळे हवालदार म्हणत. मूळ गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात. फौजेच्या वर्कशॉपात वायरलेसचे सेट दुरुस्त करण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर बायकोच्या उपचारासाठी मिरजेला आले, ती बरी झाली, हे तिथंच राहिले. तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान. पाटी नाही. विचारलं तर म्हणायचे, “ज्याची पेटी बंद पडती त्यो बरोबर हुडकत येतो.”

दुकानात शिरल्यावर समोर टेबल, टेबलावर लाकडी फळी आणि फळीवर शंभरचा एक साधा पिवळा बल्ब. आलेली पेटी ते थेट भिंतीच्या पिनला, म्हणजे सॉकेटला, कधी लावत नसत. वीज आधी बल्बमधून जाणार, मग पेटीत. बल्ब भडकला तर आत शॉर्ट. भडकून हळूहळू मिणमिणला तर प्रकृती ठीक. लागलाच नाही तर वाट कुठंतरी तुटलेली. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. हवालदार ते बल्बच्या तोंडाकडे बघून सांगत, डॉक्टर जीभ बघतात तसे.

पेटी बिघडली असं ते म्हणत नसत. फौजेत आजारी जवान डॉक्टरपुढं येतो तशी ‘सिक रिपोर्टवर आली’ म्हणत. आणि पेटीशी ते हिंदीतच बोलत. “क्या तकलीफ है बेटा? बोल.” आमच्याशी मात्र मराठी. एकदा मी विचारलं, असं का? म्हणाले, “मशीनला मराठी समजत न्हाई. सगळी बदलीवर आल्याली असत्यात.”

उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे. नेमबाजीच्या रेंजवर कुठल्याशा गोळीबारात तो कान गेला, असं ते सांगत. डावा कान मात्र असा की शेजारचे तंबोरेवाले चाचा नवा तंबोरा जुळवला की उंबऱ्यात येऊन म्हणायचे, “हवालदारसाब, जरा कान देना.” हवालदार जाऊन डावा कान देऊन यायचे. दुरुस्त झालेल्या पेटीवर ते गाणं लावत नसत. रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे आणून नुसती खरखर लावायचे, डोळे मिटायचे आणि डावा स्पीकर ऐकून झाला की स्वतः गर्रकन पाठमोरे होऊन त्याच कानानं उजवा ऐकायचे. “गाण्याला सगळी पेटी बरीच वाटती. खरखर ऐकली की खरं कळतं.”

पण हवालदारांची खरी ख्याती होती ती त्यांच्या रजिस्टरची. फौजेत असतं तसं लांबोडकं, जाड पुठ्ठ्याचं. त्यात तीन रकाने. पहिला ‘मालकाचं म्हणणं’, दुसरा ‘मशीनचं म्हणणं’, तिसरा ‘काय केलं’. पहिल्या रकान्यात तुम्ही सांगाल ते ते शब्दाला शब्द लिहीत आणि खाली तुमची सही घेत. आणि पहिला रकाना पटल्याशिवाय पेटीचा एकही स्क्रू काढत नसत. स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या खिशात मूठ वर करून उभा असे, तो तसाच राही.

“मशीन दोन मिनटात कबूल हुतंय,” ते म्हणत. “मालकालाच वेळ लागतो.”

शिरवळच्या एका कारखान्यातले इंजिनिअर एवढ्या लांबून रिसीव्हर घेऊन आले होते. म्हणणं काय, तर वीज पडली.

“कवा?”

“परवा संध्याकाळी.”

“परवा आभाळ कोरडं हुतं सायेब.”

“आमच्या बाजूला पडली.”

हवालदारांनी लिहून घेतलं, चहा सांगितला आणि वर्तमानपत्र वाचत बसले. इंजिनिअरसाहेबांचे दोन चहा झाले. तिसऱ्याला त्यांनी सांगितलं की पुतण्याच्या हळदीला डीजे आला नाही म्हणून मांडवातले चार मोठे स्पीकर याच पेटीला जोडले होते. हवालदारांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

याच्या उलट एक बाई आल्या होत्या, सांगलीच्याच. टेबलावर पेटी ठेवून त्या उभ्या उभ्या म्हणाल्या, “मालकांचं आन् माझं भांडण झालं. रागाच्या भरात मी ह्याच्यात आमटी ओतली. उकळती हुती.” हवालदार खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्या बाईंना कडक सॅल्यूट ठोकला. पेटी त्याच दिवशी उघडली, धुतली, वाळवली आणि दिली. पुढं कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती नोंद वाचून दाखवत. “ह्याला म्हंत्यात रिपोर्ट. येळ, कारण, आमटीचं तपमान, सगळं एका दमात.”

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी जाऊन म्हणालो, “आपोआप बंद पडला.”

त्याचं कारण बाकावर बसलं होतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे वडील टेपरेकॉर्डर घेऊन आले होते आणि मला बघून “नमस्कार सर” म्हणून सरकून बसले होते. फिजिक्सच्या सरांनी विजेवर चालणाऱ्या पेटीत नारळपाणी ओतलं, हे त्या रजिस्टरात गेलं असतं तर आमटीच्या खालोखाल माझंच वाचन झालं असतं.

“आपोआप?” हवालदारांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हो.”

“कुणी हात लावला न्हाई?”

“नाही.”

रिसीव्हरच्या कपाळावर माझ्याच बोटाचं कुंकू होतं. त्यांनी ते पाहिलं. “पूजा केल्याली दिसती.”

“लांबूनच केली.”

त्यांनी स्वतःच्या अवजारांची पूजा कशी केली होती तेही तेव्हा मी पाहिलं. हळदकुंकू एका कागदावर वाहिलेलं आणि तो कागद टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी शांतपणे लिहिलं, ‘आपोआप बंद पडला. कुणी हात लावला नाही.’ मी सही केली.

“मग आसं करा सर. आपोआप बंद पडला म्हंजे पयली शंका भिंतीवर. घरी जावा, त्याच पिनला टेबललॅम्प लावून बघा. न्हाईतर पेटी चांगली आन् पिन मेल्याली आसं निघतं.”

हे मी विद्यार्थ्यांनाही सांगतो. पिन ठणठणीत आहे हे मला माहीत होतं, कारण सकाळी मी त्यावर मोबाइल चार्ज केला होता. पण आपोआपवाला माणूस ‘पिन बघितली’ असं एवढ्या लगेच कसं म्हणेल? मी बारा किलोची पेटी उचलून सांगलीला परत आलो.

मामांची मान वर होती. “आला का? झाला का?”

“मामा, मान खाली.”

“नुसतं पडून काय ऐकू? भिंत?”

बायकोनं त्यांच्या उशाशी मोबाइल ठेवला, त्यावर कुस्त्यांचे व्हिडिओ लावले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि वैतागले. “ह्येला निवेदन म्हंत्यात? गडी कुटल्या तालमीचा, वस्ताद कोण, कायबी सांगंना झालाय.” आणि फोन वाजला की कुणाचा आला ते बघायला मान वर.

दुसऱ्या दिवशी दसरा. हवालदारांचं दुकान उघडं होतं. त्यांनी मला आपट्याचं पान दिलं, मी त्यांना दिलं, आणि सांगितलं की पिन चांगली आहे.

“चला, एक शंका गेली. आता स्पीकरच्या सगळ्या तारा सोडवा. केसाएवढी तार शेजारणीला चिकटली तरी पेटी जीव आखडून बसती. तारा सुटल्या की मोकळी पेटी चालू करून बघा. बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मेन वायर हालवून बघा.”

“इथंच बघितलं तर?”

“तारा तुमच्या घरात, सर.”

माझ्या खोट्याला लागू पडतील अशा सगळ्या तपासण्या ते इमानदारीनं करून घेत होते. मी परत सांगलीला. मी तारा सोडवल्या, बटण दाबून धरलं, वायर हलवली. बायको दारात उभी राहून बघत होती. “अहो, तुम्ही नारळाचं पाणी घातलंत तेव्हा बंद पडला ना तो?” मी तिला हळू बोलायला सांगितलं. त्या दिवशी मामा चार वेळा उठून बसले. संध्याकाळी म्हणाले, डोळ्यात कडेला काळं काहीतरी हलतंय. आम्ही डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पालथं झोपवून ठेवा त्यांना, काहीही करा, पण मान खाली ठेवा, सकाळी बघतो.

सकाळी बायको मामांना घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेली आणि मी रिसीव्हर घेऊन हवालदारांकडे. डॉक्टरांना जावयाची गरज नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं.

या वेळी हवालदारांनी पेटी टेबलावर घेतली. “बोल बेटा,” म्हणून बल्बला जोडली. बल्ब लागलाच नाही. ते वाकले, आणि मला वाटलं ते डावा कान लावतायत. पण ते बघत होते. वरच्या जाळीतून मुंग्यांची एक रांग बाहेर येत होती आणि दुसरी आत जात होती. अगदी शिस्तीत, आपापल्या बाजूनं.

“ह्या का आल्यात?”

“आमच्या घरी मुंग्या फार झाल्यात.”

“आस्सं.” त्यांनी रजिस्टर उघडलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “घरी मुंग्या फार झाल्या आहेत. करा सही.”

मी पेन हातात घेतलं आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला. पडदा अजून जागेवर आहे, पण एका कडेला जरासा उचललाय. डॉक्टर म्हणतात, अजून आठ दिवस वाढवा, आणि आता मान उचलली तर पुन्हा ऑपरेशन. मामा म्हणतायत, मला गावाकडं न्या, असं मुडद्यासारखं पडून राहायचं नाही मला. ती रडत होती.

मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, “हवालदार, मी नारळाचं पाणी शिंपडलं. खंडेनवमीला. चालू होता तेव्हा.”

बाकावर त्या दिवशीही कुणीतरी होतं. कोण ते मी पाहिलं नाही.

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, “आन् एवढी घाई कशाची हाय? तीन दिस झालं हेलपाटं घालताय.”

मी मामांचं सगळं सांगितलं. डोळा, बुडबुडा, पालथं पडणं, कॅसेटी. हे मी आजवर त्यांना बोललोच नव्हतो. ऐकता ऐकता ते उभे राहिले.

“डेक चालू हाय न्हवं?”

“डेक चालू आहे. आवाज रिसीव्हरमधून येतो.”

“डेकच्या तोंडावर एक गोल भोक हाय का? जाड, करंगळीएवढं?”

“आहे.”

“मग ते कशाला ठेवलंय कंपनीनं?”

हेडफोनचं ते भोक गेली दहा वर्षं माझ्यासमोर होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तसल्या पिनांचा डबा भरलेला आहे.

हवालदारांनी कपाटातून एक हेडफोन काढला. फौजेतला, काळ्या जाड पट्ट्याचा, कानावर वाट्या बसाव्यात तसा. वायरच्या टोकाला जाड पिन. तो माझ्या गळ्यात घालून त्यांनी मला जवळजवळ दुकानाबाहेर ढकललं. “पेटी ऱ्हाऊ द्या. आदी म्हातारा. पळा!” मी स्कूटर चालू करत होतो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, “पयल्या दिशी खरं बोलला असता तर हा हेडफोन पयल्या दिशीच गेला असता ओ सर.” 

मामांनी हेडफोन लावला, कॅसेट लागली आणि घर एकदम शांत झालं. ते उशीत तोंड खुपसून ऐकत राहिले. अधूनमधून नुसतीच त्यांची आरोळी ऐकू यायची, “घे, घे, पट काढ!” आम्ही दचकायचो. पण मान वर झाली नाही.

रिसीव्हरला पाच दिवस लागले. नारळाच्या पाण्यातली साखर आणि मीठ आतल्या पट्टीवर वाळून बसलं होतं, तांब्याच्या दोन रेघा खाल्ल्या गेल्या होत्या आणि फ्यूज उडाला होता. हवालदारांनी जुन्या टूथब्रशनं स्पिरिट लावून सगळं धुतलं, खाल्लेल्या रेघांवरून केसासारखी तार डाख देऊन जोडली, मुंग्या एकेक करून फुंकरीनं घालवल्या. “ह्यांचा काय गुन्हा?” पहिल्याच दिवशी धुतला असता तर रेघा वाचल्या असत्या, हेही त्यांनी सांगितलं. एकदाच सांगितलं.

ते कुणाच्या घरी जात नसत. आमच्याकडे मात्र स्वतः पेटी घेऊन आले. तारा जोडल्या, खरखर लावली, गर्रकन फिरून उजवा स्पीकर ऐकला. मग मामांकडे गेले. मामांचं तोंड पलंगाच्या कडेवरून खाली जमिनीकडे होतं. हवालदारांनी इकडंतिकडं बघितलं, बूट काढले आणि सरळ फरशीवर उताणे झोपले, मामांच्या तोंडाच्या बरोब्बर खाली. दोघं समोरासमोर.

“राम राम पावनं.”

“राम राम. कोण?”

“पेटीवाला हवालदार. मेढ्याकडचा.”

“मेढ्याचं मैदान मी चार येळा बोललोय!”

मग तासभर दोघं बोलत होते, एक पालथा, एक उताणा. बायकोनं चहा आणला, तो हवालदारांनी आडवं पडूनच बशीतून घेतला. मी कोचावर बसून होतो. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

जाताना मी म्हणालो, “रजिस्टरात नोंद पूर्ण झाली का?”

“न्हाई.” ते बूट घालत होते. “पेटी चालू झाली. पण पेटी ज्याच्यासाठी हुती त्याचं काय झालं ते कुटं कळलंय? तिसरा रकाना उघडा हाय.”

दीडेक महिन्यानं डॉक्टरांनी शेवटचं बघायला बोलावलं. बुडबुडा विरला होता. दवाखाना हवालदारांच्या दुकानापासून पायी दहा मिनिटांवर. तारीख मी त्यांना कळवली होती. आम्ही पोचलो तेव्हा हवालदार दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेले, मांडीवर रजिस्टर. डॉक्टरांनी मामांना तपासलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मामांनी वरच्या चार ओळी वाचल्या, पाचवीवर अडखळले. डॉक्टर म्हणाले, पडदा बसलाय, आता काळजी नाही. बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

मामा बाहेर आले. हवालदार उठून उभे राहिले आणि रजिस्टर उघडून त्यांनी पेन सरसावलं.

“बोला पावनं. तुमचं काय म्हणणं? लिवून खातं बंद करतो.”

मामांनी मान अगदी वर केली. आधी हवालदारांना नीट पाहिलं, मग माझ्याकडं वळले आणि त्या बऱ्या झालेल्या डोळ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“डोळा झ्याक झालाय, त्येवढं लिवा,” ते हवालदारांना म्हणाले. “आन् जावयाचं म्हणाल तर नुसता आवाज ऐकत हुतो तवा जरा शाना वाटत हुता.”